लंगडे मोर

"अप्पा, फोनवर भिंग कशाला लावताय?"

नूतन दारात चपला काढत होती. माझी मुलगी. सांगलीला पतसंस्थेत नोकरी करते. तिची आई गेल्यापासून दर रविवारी ती इचलकरंजीला यायची, मी जेवतो की नाही ते बघायला. मी खाटेवर बसून फोन उशीवर ठेवला होता आणि त्याच्या काचेवर माझं पितळी भिंग टेकवून एक डोळा मिटून बघत होतो. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं हे भिंग. साडीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मी याच भिंगानं माल तपासला. फोनवर मात्र धागे दिसत नव्हते. लाल, हिरवे, निळे ठिपके दिसत होते नुसते.

"दोन बोटं ठेवा आणि फाकवा. मोठं होतं," ती म्हणाली आणि करून दाखवलं.

मोठं झालं. हिरवी साडी, लाल काठ, पदरावर मोरांची रांग. मी श्वास धरून मोरांचे पाय बघितले. पहिला मोर एका पायाचा. दुसरा एका पायाचा. तिसरा, चौथा, सगळे एका पायाचे.

"घावली," मी म्हटलं. "नूतन, घावली बघ."

त्या साडीचं सांगायला पाहिजे. तपासणीला जाण्याआधी मी जकार्डच्या पट्ट्या पाडायचो. पुठ्ठ्याच्या पट्टीला जसं भोक पडेल तसा मागावर धागा उचलला जातो आणि नक्षी उमटते. एकदा मी चार पट्ट्यांवर भोकं पाडायची विसरलो. पदरावरच्या प्रत्येक मोराचा एक पाय गेला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत अकरा साड्या विणून झाल्या होत्या. मालकांनी शिव्या घातल्या, अकराही साड्या सेकंडच्या, म्हणजे खोट असलेल्या स्वस्त मालात टाकल्या आणि मला पट्ट्यांवरून काढून तपासणीला बसवलं. म्हणाले, "ज्यानं चूक केली त्यालाच चूक दिसंल." त्या अकरांतली एक मी घरी आणली. मालननं, माझ्या बायकोनं, उलगडून बघितली आणि पोट धरून हसली.

"आवो, मोर लंगडं केलंसा की सगळं!"

पण नेसली तीच. लग्नकार्यात, जत्रेत, तीच. एकदा उदबत्तीनं पदराला भोक पडलं, तर मी बसून रफू केला. हिरवा धागा संपला होता, पोपटी होता, तो वापरला. त्यावरही ती हसली होती.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात तिनं मला जवळ बोलावलं.

"लंगड्या मोरांची साडी हौसाला द्या."

हौसा तिची धाकटी बहीण, जयसिंगपुरात दिलेली.

"तूच दे बरी होऊन," मी म्हटलं.

"नवमीला द्या. माझ्या नवमीला. इसरणार न्हाई नव्हं?"

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिच्या नावानं पितृपंधरवड्यात नवमीला एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची, साडी द्यायची. ती स्वतःच्या नवमीचं बोलत होती आणि मी तिच्यावर डाफरलो. म्हटलं, अभद्र बोलू नकोस.

चौथ्या दिवशी ती गेली. घरी आणलं. आत बायका तिला आंघोळ घालत होत्या. दार लोटलेलं होतं. आतून कुणीतरी म्हणालं, सवाष्ण गेलीया, हिरवी साडी द्या चांगली. मी कपाट उघडलं. वरच्याच घडीला ती होती. तिची आवडती, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दाराच्या फटीतून मी ती आत दिली.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना मला तिचं बोलणं आठवलं. तिनं शब्द टाकला होता आणि त्या शब्दालाच मी चितेवर ठेवून आलो होतो. हौसा तेराव्यापर्यंत घरात होती. एकदा ती कपाटासमोर उभी दिसली, दाराला हात लावून. मी घरामागच्या परड्यात जाऊन बसलो.

तेव्हापासून मी उरलेल्या दहा साड्या शोधत होतो. जुन्या कामगारांच्या घरी गेलो. सेकंडचा माल विकणाऱ्यांकडे गेलो. तीस वर्षांपूर्वीची साडी, लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. एक जण म्हणाला, "काका, नवीन घ्या की." मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मग मी फोनवर शोधायला लागलो. 'हिरवी साडी मोर पदर' असं फोनला बोलून सांगायचो. तो हजार साड्या दाखवायचा आणि सगळे मोर दोन पायांचे. आणि नवमी अकरा दिवसांवर आली असताना ही दिसली.

नूतननं पिशवी खाली ठेवली, माझ्या शेजारी बसली आणि फोन हातात घेतला. तिला मोरांचं काही नव्हतं. ती भलतीकडेच बघत खाली खाली जात होती.

"अप्पा, हे दुकान बरोबर वाटत नाही."

"का?"

"पत्ता बघा. शॉप नंबर चार, मेन रोड, भारत. गाव कुठंय?"

"विसरले असतील लिहायला."

"फोन नंबर नाही. नुसता मेसेज करा म्हणतात. लोकांची मतं बघा, चाळीसच्या चाळीस एकाच तारखेची. आणि हे काय मराठी? 'मी हे साडी खूप प्रेम करतो, माझी पत्नी आनंदी झाला.' असं कोण लिहितं?" ती हसली, पण मी हसलो नाही. "माल परत घ्यायचे नियम बघा. वर दुकानाचं नाव एक, खाली नियमांत दुसऱ्याच दुकानाचं. उचलून चिकटवलंय. आणि पैसे आधीच मागतात. माल हातात आल्यावर द्यायची सोयच नाही."

"दोनच शिल्लक आहेत म्हणतोय."

"ते सगळेच म्हणतात. हे घड्याळ बघा उलटं चाललंय, सवलत संपायला नऊ मिनिटं. आता बंद करून परत उघडते." तिनं उघडलं. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर. "बघा."

मी तिच्या हातातून फोन घेतला. मला राग आला होता. आईचं काम आहे आणि ही घड्याळं दाखवतेय.

"तू दुकान बघतेस. मी माल बघतो," मी म्हटलं. "हा पाय बघ. आहे का? नाही. खोटा माणूस खोट झाकतो. सेकंडच्या बाजारात जो आधी भोक दाखवतो आणि मग भाव सांगतो तो खरा व्यापारी. यानं लंगडा मोर उघड उघड समोर ठेवलाय. चोरानं मोराचा पाय कशाला तोडला असता?"

"अप्पा, फोटो कुठूनही उचलता येतो."

"कुठून उचलणार? अकराच होत्या जगात. एक जळली. ही उरलेल्या दहांतली. नाहीतर कुणीतरी माझ्या पट्ट्या भंगारातून उचलून मागावर चढवल्यात."

ती पुन्हा फोनवर वाकली. मग म्हणाली, "आणि बाईचं मुंडकं कापलंय बघा. गळ्यापासून खालचाच फोटो. बऱ्या दुकानात असं नसतं. कोण नेसलंय ते दिसतं."

"मला साडी पाहिजे," मी म्हटलं. "बाई घेऊन काय करू?"

ती उठून भाकरीचं पीठ काढायला गेली. पैसे कसे भरायचे ते मी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मोबाईलवाल्याकडून भरून घेतले.

पार्सल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी तो फोटो बघत होतो. चहा पिताना, जेवताना, दुपारी खाटेवर. दोन बोटं फाकवायची आणि मोर मोजायचे. पदराच्या काठाशी एक फिका ठिपका दिसायचा. मला वाटलं काचेवर काहीतरी चिकटलंय. अंगठ्यानं पुसायचो. जायचा नाही. मग म्हटलं, उजेडाचा असेल.

पार्सल आलं तेव्हा नवमीला दोन दिवस राहिले होते. काळ्या प्लास्टिकची थैली, हलकी. साडी एवढी हलकी नसते हे माझ्या हाताला कळलं होतं. मी हाताचं ऐकलं नाही. थैली मालनच्या फोटोसमोर ठेवली.

नूतनचा फोन आला. "उघडलं का? उघडताना कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घ्या. माल चुकीचा निघाला तर पुरावा लागतो."

"उघडणार नाही. हौसाची साडी आहे. घडी तीच मोडेल."

"अप्पा, निदान बघा तरी!"

"दुसऱ्यानं घडी मोडलेली साडी नवमीला देतात का?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पहिल्याच वर्षी नवमी करावी की नाही यावर भावकीत चार जणांनी चार मतं दिली होती. मी करायची ठरवली. नूतन रजा काढून आली. पहाटेपासून तिनं पुरण शिजवलं, कटाची आमटी केली, आळूची वडी केली. दहाच्या सुमारास हौसा आली, कपाळावर हे एवढं कुंकू, हातात भाजीची पिशवी.

"काय दाजी, निम्मं झालासा की," ती दारातच म्हणाली. "नूतन, ह्यास्नी खायला घालतीस का नुसतं इचारतीस?"

"घालते मावशी. खात नाहीत."

"खात न्हाईत? अक्का असती तर कानाला धरून खायला लावलं असतं."

जेवण झालं. हौसा पाटावर बसली, नूतननं हळदीकुंकू लावलं, तांदूळ आणि नारळानं ओटी भरली. मग मी ती काळी थैली हौसाच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"उघड."

"दाजी, एवढं कशाला?"

"मालननं सांगितलं होतं. तुझ्या हातानं उघड."

तिनं दातानं थैलीचा कोपरा फाडला आणि आधी वास आला. रॉकेलसारखा, जळक्या रबरासारखा. पुरणाच्या वासात तो मिसळला. हौसानं आतून काहीतरी बाहेर ओढलं. साडी म्हणवत नाही. छत्रीला लावतात तसलं सुळसुळीत कापड, साडेतीन-चार वाराचा तुकडा, कडेला दुमड नाही, धागे लोंबत होते. त्यावर निळी-जांभळी फुलं छापली होती, तीही एका बाजूनं फाकलेली. तिच्या बोटांना रंग लागला. ओटीच्या तांदळांवर तो पडला.

हौसा माझ्याकडे बघत होती. नूतन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"हे नव्हे," मी म्हटलं. "हे दाखवलंच नव्हतं त्यांनी. थांब. तुला दाखवतो काय दाखवलं होतं."

मी फोन आणला. बोटं ओली होती, काच नीट चालेना. शेवटी फोटो आला. मी तो हौसाच्या डोळ्यांसमोर धरला. "ही बघ. ही मागवली होती. लंगड्या मोरांची. तुला द्यायची होती ती मी जाळली, म्हणून तसलीच शोधून काढली. बघ, मोर बघ."

हौसाला चष्मा लागतो. तिनं तो लावलेला नव्हता. तिनं फोन हातात घेतला नाही, मोठं केलं नाही, मोर बघितले नाहीत. एकदाच बघितलं आणि म्हणाली,

"दाजी, ही अक्का हाय."

"साडी तसलीच आहे, तेच सांगतोय."

"साडी न्हवं. ही अक्का हाय. हात बघा की. पदराखाली अंगठा दाबून कोण धरतंय असं? आमची आय धरायची आणि अक्का धरायची."

मी फोन परत घेतला. आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मी हात बघितला नाही. मी दोन बोटं ठेवली आणि पदराचा काठ मोठा केला. तो फिका ठिपका. तो काचेवर नव्हता आणि उजेडाचाही नव्हता. माझा रफू होता. पोपटी धाग्याचा.

मग हात बघितला. डाव्या हाताचा अंगठा आत, चार बोटं बाहेर, करंगळीजवळ भाकरीच्या तव्याचा डाग.

नूतननं तिच्या फोनमध्ये शोधलं. दोन वर्षांपूर्वी हुपरीला भाच्याचं लग्न होतं. मांडवाच्या कडेला उभी राहून मालन हसत होती. नूतननंच काढला होता तो फोटो, तिनंच तो फेसबुकवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'आई आणि तिचे लंगडे मोर.' नूतननं दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. तीच मांडवाची कनात मागं, तोच पदर. एकीकडे मालन हसत होती. दुसरीकडे गळ्याशी सरळ रेघ मारून वरचं सगळं कापून टाकलं होतं.

"मी एकदाच बघितला होता फोटो," नूतन म्हणाली. "मी नुसतं दुकानच बघत होते अप्पा."

ती निदान दुकान बघत होती. मी काय बघत होतो? आठ दिवस ती माझ्या हातात होती. चहा पिताना, जेवताना. तेहतीस वर्षं ज्या हातचं खाल्लं तो हात समोर होता आणि मी मोराचे पाय मोजत होतो. बाई घेऊन काय करू, असं म्हणालो होतो. त्या चोरानं तिची मान कापली, पण तिच्याकडे बघायचं मी माझं मीच सोडलं होतं. मोरीत जाऊन मी सगळं पुरण ओकलो.

बाहेर आलो तेव्हा हौसानं ते घाणेरडं कापड चिमटीत धरून परड्यात नेऊन टाकलं होतं आणि हात धुऊन परत पाटावर बसली होती.

"मला माफ कर," मी म्हटलं. "तुझी साडी होती ती. मी आत दिली."

"आत कुणाच्या हातात दिलीसा?"

"कुणीतरी घेतली. दाराआडून."

"कुणीतरी न्हवं. मी घेतली." तिनं पदर सारखा केला. "अक्कानं मला दवाखान्यातच सांगितलं हुतं, ती तुझी म्हणून. बायका पण म्हणाल्या, हौसा, ही तुला दिलीया ठेवून, दुसरी मागून घे. मी म्हटलं, माझी हाय न्हवं? मग माझ्या बहिणीला मी नेसवते. माझ्या हातानं निऱ्या घातल्या. आणि तुम्ही वरीसभर चोरासारखं तोंड लपवत फिरताय. एकदा तोंडानं इचारायचं का न्हाई? फोनला इचारत बसला!"

"तू कपाटासमोर उभी होतीस."

"चाव्या लावत हुते. तुम्ही उघडंच ठेवलं हुतंसा."

नूतननं आतून खणाचा एक तुकडा आणून तिच्या ओटीत घातला. रंग लागलेले तांदूळ बदलले. हौसा मालनच्या फोटोच्या पाया पडली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

याला सहा वर्षं झाली. नूतननं तेव्हा पोलिसांच्या ऑनलाइन विभागात तक्रार दिली. पंधरा दिवसांत ते दुकान गेलं. पैसे आले नाहीत, मी विचारलंही नाही. आता कुणी मला विचारलं, दुकान खरं की खोटं कसं ओळखायचं, तर मी नूतनला विचारा म्हणतो. पत्ता बघायचा, नियम वाचायचे, तारखा बघायच्या, ते सगळं ती बरोबर सांगते. मला माल कळतो, आणि माल कळणाऱ्यालाच आधी फसवतात.

दुकान गेलं, पण फोटो गेला नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्याच नावाच्या दुकानात तो पुन्हा आला. या वेळी त्यांनी मालनचे पायही कापले होते. नुसता पदर आणि हात. खाली लिहिलं होतं, 'बारा रंगांत उपलब्ध.' मी एकेक बघत गेलो. एकच फोटो, त्यालाच रंग फासलेले. निळी मालन, गुलाबी मालन, जांभळी मालन. प्रत्येकीचा अंगठा पदराखाली. माझा रफूही त्या त्या रंगाचा झालेला.

बारावा रंग पांढरा होता.

मी हिला सवाष्णीची हिरवी देऊन पाठवलं होतं. आणि मी अजून जिवंत आहे.